गुळगुळीत रस्त्यावरची थरथर

ताम्हिणीतून कोकणात उतरायचं आणि वरंध घाटातून वर यायचं, यात सांगण्यासारखं काय आहे, असं कोणीही पुणेकर विचारेल. निम्मं पुणं शनिवारी तिकडे जातं आणि रविवारी परत येऊन उरलेल्या निम्म्याला सांगत बसतं. मी सांगणार नव्हतो. मी मुळातच कमी बोलतो. कमी बोलणाऱ्याला लोक सज्जन समजतात, आणि हा गैरसमज मी आयुष्यभर जपून वापरला. या प्रवासात तो वापरून संपला.

जीप माझी आणि शेलारची, दोघांच्या पैशांतून घेतलेली. आम्ही एकाच कारखान्यातले. मी खरेदी विभागात खुर्चीवर, शेलार जुळणीच्या लाइनवर. बाहेरचा माल आला, कारखाना आकसला आणि स्वेच्छानिवृत्तीचा कागद दोघांच्याही हातात पडला. ती ‘स्वेच्छा’ कोणाची होती हे आम्हाला अजून कळलेलं नाही. हिंजवडीतली मुलं आठवडाभर काचेच्या खोलीत बसतात आणि शनिवारी त्यांना चिखल, दगड, ओढे हवे असतात, हे शेलारच्या लक्षात आलं. म्हणून लिलावातली जुनी, चारही चाकांना ताकद जाणारी जीप घेतली. गिऱ्हाईक मी बघायचं, गाडी त्याने.

शेलार नम्र वगैरे अजिबात नाही. मूळचा भोरकडचा. “माझा हात फिरला की गाडी पुन्हा तोंड उघडत नाय,” हे तो गाडीच्या मालकालाच नव्हे, तर शेजारच्या पानवाल्यालाही ऐकवतो. फक्त या वर्षी त्याच्या डाव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली होती. नट हातातून सुटायचे. कोणी बघत असलं तर तो मुद्दाम टाकल्यासारखं करायचा. एकदा मात्र मला म्हणाला, “हात गेला तर मला दुसरं काय येतं हो साहेब?” हे त्याने फक्त मला सांगितलं होतं. घरी बायकोलाही नाही.

आता जे आठवडाभर मी कोणाला सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो.

गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत एक पोलादी दांडा फिरतो, त्याला आम्ही शाफ्ट म्हणतो. तो दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा दुसऱ्यात खाचांवर सरकतो. दोन्ही तुकड्यांवर एकेक बाण कोरलेला असतो. बाणासमोर बाण यायला हवा. एक खाच जरी हुकली तरी दांडा वेगात तोल सोडून फिरतो आणि अख्खी गाडी थरथरते. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेलारने शाफ्ट उतरवला, त्याचे दोन्ही टोकांचे सांधे नवे घातले, बाणासमोर बाण ठेवून तुकडे जोडले आणि पाने, जॅक, हातोडीच्या शेजारी माझ्या अंगणात गोणपाटावर पूजेसाठी मांडून ठेवला. “आता हत्यारांना हात नाय लावायचा. दसरा झाला की चढवतो,” म्हणून तो घरी गेला.

नवमीला सकाळी झेंडूच्या फुलांत तो शाफ्ट मला कळकट दिसला. फाटकाला लावलेला चंदेरी रंग थोडा उरला होता. आमच्याकडे नवमीला रंगाचा ब्रश हातात घेतला नाही तर देवाला काही दिसतच नाही, अशी घरातल्या मंडळींची समजूत आहे. मी शाफ्ट खेचून वेगळा केला, रॉकेलने पुसला, दोन्ही तुकडे रंगवले, बाणांसकट, आणि पुन्हा एकात एक ढकलले. ढकलताना मनात आलं होतं की इथे काहीतरी खूण असते. मनात आलं, आणि मी ब्रश धुवायला गेलो.

दसऱ्याच्या संध्याकाळी शेलारने तो बघितला. “नवरी नटवलीत की साहेब!” म्हणाला, आणि तसाच गाडीला चढवला. आपण जोडलेला शाफ्ट मध्ये कोणी उघडला असेल, हे त्याच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं. मी तोंड उघडलं नाही. शहरात गाडी पळतेच कुठे? त्यामुळे चार दिवस काही कळलंही नाही.

वारजे ते मुळशी

वारज्याच्या पुलाखाली अनिकेत आणि रश्मी गाडीत बसले. नवरा-बायको, दोघंही संगणकवाले, मूळचे अमरावतीचे. कंपनीतली बाकीची मंडळी यांच्या अनुभवावर येणार की नाही ते ठरवणार होती. चांदणी चौक ओलांडून रस्ता मोकळा झाला, शेलारने गाडी पळवली आणि पायाखालचा पत्रा गुणगुणायला लागला. मग आरसा असा हलायला लागला की मागच्या एका ट्रकचे दोन दिसायला लागले. मग दात.

“काका, ही काहून थरथरून राहिली?” अनिकेतने विचारलं.

“जीप हाय, पाळणा नाय,” शेलार म्हणाला. पण त्याने गाडी हळू केली.

हळू केली की थरथर थांबे. खड्ड्यांतून नेली तर गाडी लोण्यासारखी चाले. पिरंगुटच्या पुढे नवा, काळाभोर, गुळगुळीत रस्ता लागला की पुन्हा अंगात आल्यासारखी. अशी गाडी या शहराला फार शोभून दिसेल, असं मला वाटलं. रस्ता चांगला झाला की हिला त्रास.

पिरंगुटला चाकांचा तोल बघणाऱ्या दुकानात गेलो. दुकानात परदेशी यंत्र, यंत्रावर प्लास्टिकचं कव्हर, आणि कव्हर काढायचं की नाही यावर मालक आणि कामगार यांच्यात वाद. शेवटी चारही चाकं चढवून-उतरवून झाल्यावर मालकाने पडद्याकडे बोट दाखवलं. “सगळं शून्य आहे.”

“मग थरथरतंय काय?” मी विचारलं.

“ते यंत्र सांगत नाही.”

“मग यंत्र कशाला ठेवलंय?”

“तुम्हाला दाखवायला,” तो म्हणाला, आणि चहा प्यायला गेला.

मी त्याच्यावर चिडलो, त्याच्या यंत्रावर चिडलो, शेजारी मिळालेल्या कोरड्या पोह्यांवर चिडलो. पोह्यांवर खोबरं नव्हतं, कोथिंबिरीचा वास तेवढा होता. पुढे मुळशीचं पाणी दिसायला लागलं आणि पाण्याच्या कडेने ‘खाजगी मालमत्ता, थांबू नये’ अशा पाट्या. धरण आपलं, डोंगर आपले, आणि बघायचं ते चालत्या गाडीतून. त्याचाही राग आला. आज लिहिताना स्पष्ट दिसतंय की हे सगळे राग उसने होते. खऱ्या रागाची जागा मला माहीत होती. ती पायाखाली फिरत होती.

धरणाच्या काठाने थोडं पुढे, पाटी नसलेल्या जागी शेलारने गाडी बाजूला घेतली आणि तो खाली शिरला. शाफ्टचे सांधे हाताने हलवून पाहिले. घट्ट. इंजिनाचे रबरी पाय पाहिले, ते आवळले. त्यांचा काही संबंध नव्हता. धुळीने माखून बाहेर आला.

“शाफ्टात काय नाय. मी स्वतः जोडलाय.”

रश्मीने सहज विचारलं, “मग काय असेल, काका?”

प्रश्न तिने मला विचारला होता. तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. त्याऐवजी माझ्या तोंडून जे निघालं ते असं:

“तू जोडलायस म्हणूनच थरथरतोय! बाण जुळवलेस का नीट, की बोटं बधिर होती?”

आम्ही इतकी वर्षं एकमेकांना ‘अहो-जाहो’ करत होतो. दोन परक्या मुलांसमोर मी त्याला ‘तू’ म्हणालो, आणि त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं ते बोललो.

शेलारने डावा हात पँटला पुसला. “जुळवला व्हता,” तो म्हणाला.

“मग काय देवाने फिरवला? नवमीच्या दिवशी येऊन?”

मी हे म्हणालो. शब्द न् शब्द असाच. म्हणताना मला आतून इतका संताप आला होता की आवाज चढला, आणि समोरच्या तिघांनाही तो संताप शेलारवरचाच वाटला.

ताम्हिणी

पुढे शेलारने फक्त गाडी हाकली. ताम्हिणी मात्र सुंदर होती, आणि तिचं सौंदर्य त्या दिवशी मला अपमानासारखं वाटलं. पाऊस सरून गेला होता. धबधब्यांच्या जागी कातळावर ओल्या रेघा उरलेल्या. उतारांवर सोनकीची पिवळी फुलं, गवताचे शेंडे तांबूस होऊ लागलेले. शेलारने डांबरी सोडून जीप एका बैलगाडीच्या वाटेला घातली, पुढच्या चाकांनाही ताकद दिली आणि दगडांवरून, ओढ्यातून, करवंदीच्या जाळ्यांतून तासभर अशी चालवली की अनिकेत आणि रश्मी लहान मुलांसारखी ओरडत होती. थरथर नाही. काही नाही. एका चढावर मागचं चाक हवेत राहिलं, तेव्हा शेलारने गाडी फक्त क्लचवर धरून इंच-इंच मागे आणली. डाव्या हाताची बोटं स्टिअरिंगवर पसरलेली. त्यांच्याकडे तो सारखा बघत होता. समोर दरी, आणि हा माणूस स्वतःच्या बोटांकडे बघतोय!

“शेलार, समोर बघा,” मी म्हणालो. आता मी पुन्हा ‘बघा’वर आलो होतो. त्याचा त्याला काही उपयोग नव्हता.

निजामपूरजवळ

उतरल्यावर निजामपूरच्या अलीकडे एका घरी मुक्काम ठरवला होता. घरच्या काकूंना आमचं नाव-गाव विचारायच्या आधी आम्ही पाणी प्यालो की नाही याची काळजी. आमच्या पेठेत दार उघडण्याआधी जाळीतून ‘कोण हवंय?’ येतं, आणि हवं असलेलं माणूस घरी नसलं तर दार उघडतच नाही. इथे दारच नव्हतं. अंगणातून थेट पडवी. जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, जवळ्याची चटणी. रश्मीने जवळा प्रथमच खाल्ला. डोळ्यांतून पाणी काढत तिने तो तीनदा मागितला.

“आमच्याकडे तिखट म्हंजे तिखट,” अनिकेत तिला म्हणत होता, “हे तर बाप्पा समुद्राचं तिखट हाय.”

शेलारने अर्धी भाकरी मोडली आणि उठला. काकूंनी विचारलं, “पिठलं आवडलं नाय का?” तो म्हणाला, “न्हाई हो माउली, लय झालं.” भाकरी खाणारा माणूस आहे तो. अर्ध्या भाकरीवर उठलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

दुपारी तो त्या दोघांना नदीवर घेऊन गेला. अंगणात मी आणि जीप. मी त्याच्या पेटीतला पाना घेतला आणि खाली शिरलो. मागच्या आसाकडचे चार नट काढले, शाफ्ट खाली घेतला. अंगावर तेल गळलं, हनुवटी सोलली. नखाने आणि पत्र्याच्या तुकड्याने माझाच चंदेरी रंग खरवडला. बाण निघाले. एक इथे, एक तिथे. एका खाचेचा फरक. इतका थोडा की डोळ्याला कळू नये आणि माणसाच्या हातावरून त्याचा विश्वास उडावा. मी तुकडे वेगळे केले, बाणासमोर बाण आणला, ढकलले, नट आवळले. हे सगळं मी शिव्या देत केलं. शिव्या कोणाला, हे ऐकायला तिथे फक्त काकूंच्या कोंबड्या होत्या.

मंडळी परत आल्यावर म्हणालो, “एक चक्कर मारू या.” महामार्गाच्या दिशेने चांगला रस्ता होता. शेलारने वेग घेतला. जीप गुपचूप पळाली. आरशात मागचा टेम्पो एकच दिसत होता.

अनिकेतने टाळी वाजवली. “काका, काय केलं तुम्ही?”

आणि मी म्हणालो, “बाण एक खाच हुकले होते. जुळवले.”

खोटं नव्हतं. असंच बोलत आलोय मी. एकही शब्द खोटा नाही आणि सगळं मिळून खोटं.

संध्याकाळी विहिरीपाशी शेलार माझ्याजवळ आला. पाय धुतले, तोंड धुतलं, मग म्हणाला, “साहेब, चूक माझीच. मला अजून वाटतंय बाण जुळवला व्हता. डोळ्यासमोर दिसतोय. पण दिसतंय त्याला आता काय अर्थ? माफी करा.”

मी म्हणालो, “असू दे. होतं असं.”

मी त्याला माफ केलं! या प्रवासात मी बरंच काही वाईट केलं, पण या ‘असू दे’चा मला जितका राग येतो तितका कशाचाच येत नाही. मोठ्या मनाच्या माणसाचा आवाज काढला होता मी. आवाज चांगलाही लागला होता.

वरंध घाट

दुसऱ्या दिवशी माणगाव, महाड करत वरंधाकडे निघालो. शेलारने किल्ली माझ्यासमोर धरली. “तुम्ही चालवा. घाट हाय. माझ्या हातात पोरं नको.”

घाट मी चालवला. वाईट चालवला. प्रत्येक वळणावर गिअर ओरडत होता आणि शेलार शेजारी बसला होता. माझ्या गिअर टाकण्यावर टोमणा मारला नाही असा त्याचा हा पहिलाच घाट.

वर चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत. खाली शिवथरकडची हिरवी दरी, पलीकडे डोंगरांची रांग, ढग डोळ्यांच्या पातळीवर. अनिकेत आणि रश्मी कठड्याशी फोटो काढायला गेली. शेलार दरीकडे पाठ करून बाकावर बसला.

“साडूने विश्रांतवाडीला एका सोसायटीत वॉचमनची जागा बघितलीया,” तो म्हणाला. “सोमवारी जाऊन सांगतो, येतो म्हणून. फाटक उघडायला दोन बोटं पुरतात.”

“गाडी कोण बघेल?”

“कुणी बी बघंल. पेटी तुम्हाला देतो.”

भजी टाकल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, गप्प बसलो तर हा खरंच जाईल. निळा शर्ट घालून फाटकाशी बसेल, आणि मरेपर्यंत स्वतःच्या हातांकडे संशयाने बघत राहील.

“शाफ्ट मी उघडला होता,” मी म्हणालो. “नवमीला. रंग द्यायला. पुन्हा ढकलला तो मी. बाण बघितले नाहीत. तुमचे बरोबर होते.”

त्याने हळूहळू मान वळवली.

“कधीपासून ठाऊक हाय तुम्हाला?”

“चांदणी चौकापासून.”

“म्हंजे धरणापाशी ठाऊक व्हतं.”

“हो.”

“विहिरीपाशी बी.”

“हो.”

त्याने एक शिवी दिली. ती छापता येणार नाही, आणि ती माझी आहे, मी ठेवून घेतली. चहाचा पेला त्याने बाकावर असा ठेवला की अर्धा सांडला.

“दोन दिस मी ह्या हाताला चिमटे काढून बघतोय,” तो म्हणाला. “रात्री झोपलो नाय. आणि तुम्ही मला माफ करून मोकळे झालात?”

“शेलार, माझं...”

“मला काय सांगता? मला काय माहीत नव्हतं? मी जुळवला व्हता, हे मला माहीतच व्हतं! तुम्ही माझं डोळ्यानं बघितलेलं खोटं पाडलं. ज्यांच्यासमोर पाडलं त्यांना सांगा आधी. बोलवा त्यांना.”

मी त्या दोघांना बोलावलं आणि भजीवाल्याच्या देखत सगळं पुन्हा सांगितलं, बोटांसकट. सांगताना कळलं की मनातल्या मनात कबूल करणं आणि भजी तळणारा झारा हातात धरून ऐकत असताना कबूल करणं यांत फार अंतर आहे. रश्मी माझ्याकडे बघायची थांबली. अनिकेत बिचारा सावरायला म्हणाला, “जाऊ द्या ना काका. कोणी का केलं असेना, आता तर मस्त चालून राहिली गाडी.”

“कोणी का केलं असेना?” शेलार त्याच्यावर खेकसला. “तुमच्या कंपनीत असंच चालतं का रं?”

“असंच चालते,” अनिकेत हळूच म्हणाला.

महाडकडून भोरची एसटी वर चढत होती. शेलारने तिच्याकडे बघितलं, मग जीपकडे. “मागचे नट कुणी आवळले?”

“मी.”

तो गाडीखाली शिरला. पाना लावल्याचा आवाज आला, एकेका नटावर एकेक ‘कट्’. बाहेर येऊन हात न पुसताच त्याने पेटी उचलली.

“पोरं बसणार हायत म्हणून बघितलं. तुमच्यासाठी नाय.”

एसटीला हात करून तो चढला. खिडकीत बसला, पेटी मांडीवर. बस निघाली तेव्हा त्याने आमच्याकडे बघितलं नाही, आणि मी हात वर केला नाही. तेवढी लाज शिल्लक होती.

पुन्हा वारजे

भोरहून पुढे महामार्गाला लागलो. रस्ता अगदी गुळगुळीत. जीप इतकी शांत चालली होती की मागे दोघं झोपून गेली. थरथर असती तर बरं झालं असतं, निदान काहीतरी ऐकू आलं असतं. वारज्याला उतरताना रश्मीने कोरडं ‘थँक्यू’ म्हटलं. त्यांच्या कंपनीतून नंतर कोणी आलं नाही.

शेलार विश्रांतवाडीला गेला नाही. हे मला त्याने सांगितलं नाही. वारज्यात महामार्गालगत एका टेम्पोवाल्याच्या मोकळ्या जागेत ताडपत्री बांधून त्याने काम सुरू केलंय, हे मला पेट्रोल पंपावर कळलं. हाताचं डॉक्टरला दाखवलं म्हणे. मानेची शीर दबली होती, पट्टा लावायला दिलाय. ऐकून मला आनंद झाला, आणि पाठोपाठ रागही आला. मला न सांगता, मला न विचारता याचं सगळं सुरळीत कसं झालं? हाही राग लिहून ठेवतो. लपवायचं नाही असं ठरवलंय तर तोही असू द्या.

मागच्या आठवड्यात जीप घेऊन गेलो. गळ्यात पट्टा बांधून शेलार एका बोलेरोच्या इंजिनात वाकला होता. पट्ट्यामुळे मान वळत नव्हती, म्हणून सगळं अंग वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं.

“नंबर लावा,” म्हणाला.

नंबर लावला. पुढच्या गाड्या एकेक करून निघाल्या. प्रत्येकाला तो तेच विचारत होता, ऐकून घेत होता, आणि अर्ध्या जणांना ‘तुम्हाला गाडी चालवता येत नाही’ असं सांगत होता. आवाज पहिल्यासारखा मोठा. पानवाला लांब होता, तरी त्यालाही ऐकू जावं असा. माझा नंबर आला. मी काय बोलायचं ते घरून ठरवून नेलं होतं. चांगली चार-पाच वाक्यं होती.

फडक्याला हात पुसत तो जीपपाशी आला. बाकीच्यांना विचारलं तसंच मलाही विचारलं, “तक्रार काय?”

माझ्या मागे एक रिक्षा आणि दुधाचा टेम्पो उभा होता. दोघंही ऐकत होते.

“काही नाही,” मी म्हणालो.

“मग मागच्याला जागा द्या.”